स्टँड नको म्हणणारे सर

शिराळे सरांच्या फिल्मवर मी गुलाबाच्या पाकळ्या पाडल्या.

म्हणजे माझ्या हातानं नाही. सेलूला स्टेशन रोडवर बालाजीचा स्टुडिओ आहे, लग्नाच्या शूटिंगचा. त्यानं कंप्युटरवर पाडल्या. पण ‘पाड’ म्हणणारी मी. वरून बासरी घाल म्हणणारी मी, आणि ‘चित्र लय हलायलंय रे, ते आधी सरळ कर’ म्हणणारीही मीच. तेव्हा मी साठी ओलांडलेली होते, म्हणजे अक्कल यायला मुबलक वेळ मिळाला होता. ती आली नव्हती. नातवंडं विचारतात, आजी, तू लहानपणी खोड्या करायचीस का? त्यांना काय सांगू! माझी सगळ्यात मोठी खोडी मी पेन्शनीत निघाल्यावर केली, आणि उपकार म्हणून केली.

सर आमच्या शाळेत चित्रकलेचे. मी कवायतीची. मैदानाच्या मधोमध माझी शिट्टी आणि मैदानाच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली, खुर्ची उलटी करून बसलेले सर. काटक अंग, शर्टाचं गळ्याचं बटण मे महिन्यातसुद्धा लावलेलं, आणि बोटं कशावर ना कशावर वाजत असलेली. टेबल, डबा, हजेरीपट, समोरच्याचा खांदा, काही चालायचं. मी तेव्हा ऐन तिशीत. बारीक कंबर आणि मोठा आवाज, अशी माझी ख्याती होती. आता दोन्हींची अदलाबदल झालीय. रांगेत एखाद्या पोराचं कोपर पुढं आलेलं दिसलं तरी मला अन्न गोड लागायचं नाही. जगातली सगळी माणसं एका शिट्टीवर डावा पाय टाकतील तर दुनिया सुधारेल, असं मला खरोखर वाटायचं.

सरांना माणसं कानानं ओळखता यायची. स्टाफरूममध्ये डोळे मिटून बसायचे आणि बाहेर पावलं वाजली की सांगायचे, “हेडसर आले. आज डबा विसरलेत.”

दार उघडायचं, हेडसर यायचे, हातात खरंच डबा नसायचा.

“कसं कळतं हो तुम्हाला?”

“रोज डाव्या हातात डबा असतो, मग उजवा पाय जोरात पडतो. आज दोन्ही सारखे पडायलेत.”

“आणि माझी चाल कशीय?” मी एकदा विचारलं. विचारायला नको होतं.

“तुमची चाल म्हणजे बाई, रजेचा अर्ज नामंजूर. धप्, धप्, सही. धप्, धप्, सही.”

सगळी स्टाफरूम हसली. मी दोन दिवस टाचा उचलून चालले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, “बाई, कोण नवीन मॅडम आल्यात का शाळेत? घाबरलेल्या दिसतात.”

कधीतरी त्यांनी दुबईहून परतलेल्या एका माणसाकडून जुना व्हिडिओ कॅमेरा विकत घेतला. खांद्यावर घ्यायचा, ज्वारीच्या पोत्याएवढा. घरी त्यांच्या बायको, सुमनवैनी, चार दिवस बोलल्या नाहीत. मग सरांनी शब्द दिला की लग्नाच्या ऑर्डरी घेईन, वसूल करीन. पहिली ऑर्डर मिळाली ती देवगाव फाट्याजवळच्या एका लग्नाची. पहिली आणि शेवटची.

कॅसेट बघायला नवरदेवाच्या घरी सगळी भावकी जमली. मी वऱ्हाडातलीच, म्हणून मीही होते. टीव्हीवर आधी पाय दिसले. पंगतीतून पळणारे वाढप्यांचे पाय. मग बुंदी वाढणारा एक हात, तो पुढं पुढं जातोय आणि पत्रावळींवर बुंदीचा ढीग पडतोय, पडतोय, पडतोय. मग बँडवाल्याचे गाल, फुगतायत आणि बसतायत. आणि मग एक खुर्ची. खुर्चीखाली नऊवारीच्या काठातून निघालेला एक म्हातारा पाय. त्याचा अंगठा बँडवर असा काही वाजत होता की बस! ती होती नवरीची आजी. मानपान झाला नाही म्हणून सगळं लग्नभर तोंड फिरवून बसलेली.

“सर,” नवरदेवाचे वडील खूप वेळानं म्हणाले, “नवरदेवाचं तोंड कुठंय?”

“तोंड फोटोवाल्यानं काढलंय की.”

“अन् तुमी काय काढलं?”

सरांनी अगदी आनंदानं पडद्याकडं बोट केलं. “बघा ना, म्हातारी वरून रुसलेली हाय अन् खालून नाचायलीय!”

त्यांना जेवायला थांबा असंही कोणी म्हणालं नाही. परतीच्या एसटीत मी त्यांच्या शेजारी बसले आणि वडीलधाऱ्यासारखं समजावलं. सर माझ्यापेक्षा मोठे, पण समजवायला मला वय लागायचं नाही. म्हटलं, लोकांना काय पाहिजे ते द्यावं माणसानं. सर खिडकीच्या गजावर बोटं वाजवत होते. म्हणाले, “ह्या गाडीचा तिसरा गिअर बघा बाई, दर वेळेस जरा उशिरा पडायलाय.”

पुढं शाळेचं स्नेहसंमेलन आलं. माझं लेझीम म्हणजे तालुक्यात नाव होतं. त्या वर्षी पोरींच्या रांगा मी अशा बसवल्या की वरून कोणी दोरी सोडली असती तर सरळ पडली असती. फक्त अर्चना नावाची एक पोरगी होती, तिचा हात दर वेळी एक क्षण मागं पडायचा. समजावलं, ओरडले, शेवटी तिला अगदी मागच्या रांगेत, पाण्याच्या टाकीआड उभी केली. काढून टाकली नाही, हा माझ्या मनाचा मोठेपणा.

सरांनी कार्यक्रमाचं शूटिंग केलं. आठवड्यानं शाळेत टीव्ही लावला. हेडसर आले, संस्थेचे लोक आले, मी नवी साडी नेसून पुढं बसले. आणि पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत फक्त अर्चना. टाकीआडून निम्मी दिसणारी अर्चना. बाकी सगळ्या लेझिमी वाजायच्या, खण्ण, आणि तिची मागून एकटीच यायची, खण्. खण्ण… खण्. जसं डोंगरावरून उत्तर यावं.

मला रडू फुटायचं बाकी होतं. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “सर, माझ्या इतक्या पोरी बरोबर होत्या, त्या दिसल्या नाहीत तुम्हाला?”

“दिसल्या की. बाकीच्या सगळ्या बरोबर होत्या, त्यांच्यासाठी फोटो पुरे. ही हलत होती बाई. हिच्यासाठी व्हिडिओ लागतो.”

मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. सरांच्या ते लक्षातही आलं नसावं. ते रोज माझ्या धप्-धप्-सहीला मान हलवायचे.

हीच अर्चना पुढं चित्रकला शिकायला बाहेर गेली आणि परभणीला कॉलेजात शिकवायला लागली. सर रिटायर झाल्यावर त्यांचं सगळं काम तिनंच गोळा केलं. कॅसेटी, सीडी, नंतरच्या छोट्या कॅमेऱ्यातली कार्डं. तिच्यामुळं आम्हाला कळलं की सर जे करत होते त्याला बाहेरच्या जगात व्हिडिओ आर्ट म्हणतात. आम्ही त्याला ‘सरांचं येड’ म्हणत होतो. एकदा तिनं परभणीच्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. मी गेले. खरं सांगते, गंमत बघायला गेले.

अंधाऱ्या खोलीत जुने चार टीव्ही, डब्यासारखे, गोल मांडलेले. चारींवर कापूस वेचणाऱ्या बायकांचे हात. राणीसावरगावच्या शिवारात सर आठवडाभर राहून आले होते ते ह्याच्यासाठी. तोंड कुणाचंच नाही, अर्थात! हात बोंडात जातो, कापूस ओढतो, ओटीत टाकतो. एक हात ओटीत असतो तेव्हा दुसरा झाडावर. वाळलेल्या पऱ्हाटीची खसखस, मधेच एखादा खोकला, एखादी बांगडी. चार बायका, चौघींची चाल निराळी. एकीचा हात चिमणीसारखा, एकीचा पान लावणाऱ्यासारखा सावकाश.

माझी बोटं आपोआप गळ्याशी गेली. शिट्टी शोधायला. ह्या चौघींना कोणीतरी एका ओळीत आणा रे, असं झालं मला. डावीकडची पुढं जायलीय, समोरची मागं पडायलीय, कपाळ दुखायला लागलं. उठावं म्हटलं तर सर शेजारीच बसलेले. मग बसले. बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. आणि अचानक चारी टीव्हींवर चारी हात एकाच वेळी ओटीत पडले. एकदाच. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी शिट्टी मारली नव्हती. पुढच्या क्षणी त्या पुन्हा पांगल्या, आणि मी पुन्हा ते कधी होतंय म्हणून पदर धरून वाट बघत बसले. होईना. खसखस चालूच. मग माझ्या ध्यानात आलं की माझा स्वतःचा हात मांडीवर चालायलाय. बोंडातून ओढून ओटीत, बोंडातून ओढून ओटीत. आमच्या आईचा हात तसा चालायचा. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तिचा चेहरा मला हल्ली फोटो बघितल्याशिवाय आठवत नाही. हात मात्र तिथं माझ्या मांडीवर येऊन बसला होता.

“आलं ना?” सर हळूच म्हणाले.

“काय आलं?”

“मोजायचं सोडलंत तुमी.”

एवढं कळलं मला त्या दिवशी. डोळे पुसत घरी आले. आणि एवढं कळूनसुद्धा पुढं जे करायचं ते केलंच. शहाणपण आमच्याकडं पाहुण्यासारखं येतं. चहा पितं, जातं.

सरांचा हात थरथरतो हे आधी कपानं सांगितलं. त्यांच्या घरी चहा घेत होतो आणि त्यांचा कप बशीवर किणकिण वाजायला लागला. सरांनी दुसऱ्या हातानं तो धरला, तर तोही हात वाजायला लागला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. बाहेर कुठं गेले की सर हात खिशात घालून ठेवायचे. कोणी बघितलं की म्हणायचे, “खिशात उंदीर पाळलाय.”

वैनी त्यांच्याहून वस्ताद. पीठ चाळायचं असलं की चाळणी त्यांच्या हातात द्यायच्या. “धरा जरासंक. आपोआपच चाळतंय.”

आणि सर खरंच चाळणी धरून बसायचे. पीठ भुरभुर खाली पडायचं आणि दोघं हसायचे. मी बघितलंय ते हसणं. त्यात कुणाचंच डोळ्यातलं पाणी दिसू नये एवढ्या मोठ्यानं हसायचे.

त्याच दिवसांत सर मला म्हणाले, “बाई, एक काढायचं राहिलंय. हात कॅमेरा धरतोय तवर. पुढं धरता येणार न्हाई.”

“काय काढायचंय?”

“हिच्या भाकरी.” वैनी आत होत्या, म्हणून आवाज खाली केला. “जन्मभर मी दुनियेचे हातपाय काढत हिंडलो. हिचं कधी काढलं न्हाई. हिला मोठ्या पडद्यावर दाखवायचंय. एकदा.”

ते म्हणताना त्यांचा चेहरा असा झाला की मला चेष्टा सुचली नाही. मला, म्हणजे बघा!

रोज सकाळी वैनी चुलीपुढं बसायच्या. गॅस असूनही भाकरी चुलीवरच, तो त्यांचा हट्ट. परातीत ज्वारीचं पीठ, काठाशी पाणी, आणि थाप. सुमनवैनींची थाप आमच्या गल्लीत कोणीही ओळखावी. दोन जवळजवळ, एक लांब, मग परात फिरायची. समोर पाटावर सर, दोन्ही हातांत छोटा कॅमेरा, आणि कॅमेरा हलतोय. हे बघून माझ्यातल्या मास्तरणीला कसं राहवणार? मी परभणीहून चांगला तीन पायांचा स्टँड मागवला आणि भेट दिला. पुढच्या वेळी गेले तर त्या स्टँडवर वैनींनी टॉवेल वाळत घातला होता.

“सर, स्टँड वापरा की! चित्र हलायलंय.”

“कॅमेरा स्टँडवर ठेवला तर मग मी काय करू बाई? चहा पिऊ?”

मला वाटलं, म्हातारा हट्टी आहे.

फिल्म पुरी झाली. अर्चनानं सेलूलाच एक हॉल घेतला, मोठा पडदा ठरवला. जुनी पोरं, शिक्षक, गल्लीतले लोक, सगळे येणार. अर्चना कार्यक्रमाच्या दिवशीच यायची होती, तोवर सरांनी कॅमेऱ्यातलं कार्ड माझ्याकडं दिलं. “हॉलवाल्याकडं एवढं पोचवा बाई. दुसरी कॉपी न्हाई माझ्याकडं, जपून.” मी जपून नेलं. पण हॉलच्या आधी स्टेशन रोड लागतो.

मला वाटलं, पडद्यावर हे असं हलणारं चित्र दिसलं तर लोक हसतील. सरांना हसतील! माझ्या सरांना! एवढ्याच एका विचारानं मी बालाजीच्या स्टुडिओची पायरी चढले. बालाजी माझा विद्यार्थी, कवायतीत पहिल्या रांगेतला. त्यानं कार्ड लावून बघितलं.

“बाई, लय हलायलंय. पण होतंय सरळ.”

“कर मग.”

“तुमीच शिकवलंय की, लाइन सरळ पाहिजे.”

आम्ही दोघंही खूश. मी म्हटलं, त्या धपधप आवाजाऐवजी जरा गोड काहीतरी घाल. त्यानं बासरी घातली. पाकळ्या त्याच्या डोक्यातून निघाल्या, पण मी विचारलं, “आणखी पडतील का?” चारी बाजूंनी त्यानं वेलबुट्टीची सोनेरी चौकट घातली. सगळं पेन ड्राइव्हवर दिलं, आणि जाताना कार्ड हातावर ठेवत म्हणाला, “हे रिकामं करून दिलंय बाई. सरांना पुढच्या शूटिंगला कामाला येईल.” मला त्याचं भारी कौतुक वाटलं. म्हटलं, बघा, आमच्या शाळेची पोरं कशी निघालीत!

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळीच वैनींच्या माहेरी मयत झाली. त्यांना जावं लागलं. सर त्यांना एसटीत बसवून आले. म्हणाल्या होत्या, “तुमी करा कार्यक्रम, लोक यायलेत.” सर म्हणाले होते, “तुला मग दाखवतो. घरी.”

हॉल भरला. दिवे मालवले. बासरी सुरू झाली आणि सोनेरी चौकटीत सुमनवैनींचे हात, एखाद्या देवीसारखे स्थिर. वरून पाकळ्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अर्चना मधेच उठून बाहेर गेली. नंतर बघितलं तर पायरीवर बसून रडत होती. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, म्हटलं, होतं गं असं, चांगली कलाकृती बघितली की. तिनं माझा हात पाठीवरून अलगद बाजूला केला.

सर पहिल्या रांगेत होते. शेवटपर्यंत बघितलं त्यांनी. दिवे लागल्यावर मी समोर जाऊन उभी राहिले, शाबासकी घ्यायला. ते माझ्याकडं बघून हसले. अगदी हळू म्हणाले, “बाई, तुमी मला बरं केलं की.”

मी म्हटलं, “अहो, त्यात काय!”

आणि त्यांच्या हातावर कार्ड ठेवलं. “हे रिकामं करून आणलंय. पुढच्या शूटिंगला.”

त्यांनी मूठ मिटली. कार्ड प्लॅस्टिकच्या डबीत होतं. मुठीत ती डबी वाजत राहिली, टकटकटक. मी त्या संध्याकाळी घरी येऊन दोन जिलब्या जास्त खाल्ल्या.

त्यानंतर सरांनी कॅमेरा धरला नाही. आजार वाढला म्हणून, असं मी सगळ्यांना सांगायचे. वैनींना ती फिल्म त्यांनी दाखवली नाही. वैनींनी विचारलं की म्हणायचे, “बघू. पेन ड्राइव्ह बाईंकडं हाय.” माझ्याकडून मात्र कधी मागितला नाही.

शेवटचे दिसले ते त्यांच्या दारात. अंथरुणावरून उठून ओसरीत खुर्चीवर बसवलं होतं. गळ्याचं बटण लावलेलं. मी निघाले तर त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर थरथरत होता. मीही उलट हात हलवला. ते म्हणाले, आता शब्द अडकायचे, एकेक करून यायचे, “बाई… मनावर… घेऊ नका. मी… सगळ्यांनाच… टाटा करतोय.” मी फाटकाबाहेर पडले. मागं त्यांचा अंगठा दांड्यावर वाजत होता, तो आजाराचा नव्हता. धप्, धप्, सही. माझी चाल. मुद्दाम वाजवत होते.

सरांचं चौदावं झाल्यावर वैनी म्हणाल्या, “बाई, ते माझं काढलेलं. तुमच्याकडं हाय म्हणायचे हे. दाखवता?”

मी मोठ्या उत्साहानं गेले. त्यांच्या टीव्हीला पेन ड्राइव्ह लावला. वैनी भुईवर बसल्या, पदर सावरून. बासरी वाजली. पाकळ्या पडल्या. वैनी बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे ह्यांनी काढलंय?”

“हो की वैनी.”

“न्हाई. हे ह्यांचं न्हाई.” आवाजात राग नव्हता. बाजारात दुसऱ्याचं ढोर बघून आपलं नाही म्हणावं, तसं. “रोज सकाळी काढून झालं की कॅमेऱ्याच्या त्या एवढ्याशा काचेत मला दाखवायचे. त्यात मी डोलायचे. मी म्हणायचे, मी काय भाकरी करताना डोलायले का? तर म्हणायचे, तू न्हाईस गं. मी डोलायलोय, तुझ्या थापेवर. हात तसाबी थांबत न्हाई, मग म्हणलं तुझ्यासंगं हलू दे. रोज जरा जरा जुळवायचे. एक दिवस म्हणले, आज जमलं सुमन, आज एकदा दोघांचं एकदम पडलं.”

मी बासरी बंद केली.

तुमी मला बरं केलं की.

काय वाटलं ते सांगत बसत नाही. तशीच उठले आणि स्टेशन रोडला गेले, चपलेचा अंगठा तुटला तरी थांबले नाही. बालाजीला म्हटलं, जुनं दे, हलणारं दे. तो बिचारा घाबरला. सगळा कंप्युटर धुंडाळला. कार्ड त्यानं रिकामं केलं होतं, मूळचं कुठंच नव्हतं. शेवटी एक कच्ची फाइल सापडली. चित्र सरळ केलेलं, पण पाकळ्या, बासरी, चौकट घालायच्या आधीचं. आवाज मूळचा. “पण बाई, ही चांगली दिसत न्हाई. हलणारं चित्र जागेवर धरलं की जेवढं ते हलत होतं तेवढी त्याची कड हलती. काळी कड. ती झाकायला तर चौकट टाकली होती.”

“असू दे. दे.”

मी ती घेऊन वैनींकडं गेले. टीव्ही लावला. आणि घरात थाप आली. दोन जवळजवळ, एक लांब, परात फिरली. वैनींनी सरांच्या आजारपणात चूल बंद केली होती. इतक्या दिवसांनी ती थाप ऐकून शेजारची बाई दारात येऊन बघून गेली. पडद्यावर वैनींचे हात स्थिर, आणि भोवती काळी कड. ती कधी डावीकडून आत यायची, कधी वरून, लगेच मागं सरायची, परत यायची. सारखी. एक क्षण थांबत नव्हती. मला ती खुपायला लागली. जित्याची खोड! वैनी मात्र पुढं सरकत सरकत पडद्याच्या अगदी जवळ गेल्या होत्या. हातांकडं बघत नव्हत्या.

मला राहवलं नाही. म्हटलं, “वैनी, बालाजी म्हणतो, ती काळी कड कापता येते. चित्र मोठं अन् स्वच्छ दिसेल. सांगू का त्याला?”

वैनींनी पडद्यावरची नजर काढली नाही. हात लांब करून काचेच्या काठाला बोट लावलं आणि म्हणाल्या, “कापू नका बाई. मधी मी हाय, कडंनं हे हायत.”